टेपवर नाव कुणाचं?

आसनगावला सकाळच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळत नाही. कसारा, खर्डी, आटगाव करत गाडी आधीच भरून आलेली असते. मी दाराजवळच्या कोपऱ्यात बॅग पुढे घेऊन उभा राहतो आणि ठाण्यापर्यंतचा प्रवास कानात काहीतरी लावून काढतो. वाटेत रेंजचा भरवसा नाही, म्हणून ऐकायचं ते रात्रीच घरी उतरवून ठेवायची सवय लागलीय.

मागच्या पावसाळ्यात अशाच एका सकाळी एक फाईल लावली. सुरुवातीला नुसती खरखर. मग अकूस्टिक गिटार. मग तबला सुरू होतो, मागून व्हायोलिनचा ताफा येतो, आणि गाडी जुळतेय असं वाटेपर्यंत सगळं थांबतं. काहीतरी बोलणं होतं. पुन्हा पहिल्यापासून. बाहेर खडवलीची भातसा नदी लाल पाण्याने भरून वाहत होती आणि माझ्या कानात ऑक्टोबर १९७२ ची मुंबई होती.

गिटार वाजवणारा जिमी पेज होता. लेड झेपलिनचा जिमी पेज. बाकीचे सगळे मुंबईचे वादक होते. ते कोण, हे मात्र फाईलच्या नावात नव्हतं.

उलट्या क्रमाने

मी या रेकॉर्डिंगपर्यंत उलटा प्रवास करत पोहोचलो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला हॉस्टेलमध्ये एका सीनियरच्या हार्ड डिस्कवर 'अनलेडेड' नावाचा एक फोल्डर होता. नव्वदच्या दशकात एमटीव्हीवर 'अनप्लग्ड' नावाची मालिका चालायची. मोठमोठ्या रॉक बँडना बोलवायचं, त्यांच्या इलेक्ट्रिक गिटारी बाजूला ठेवायला लावायच्या आणि साध्या वाद्यांवर गायला लावायचं. नोव्हेंबर १९९३ मध्ये न्यूयॉर्कला झालेली निर्वाणाची मैफल त्यातली सगळ्यांत गाजलेली. पुढच्या वर्षी या मालिकेसाठी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट एकत्र आले. ड्रमर जॉन बोनम १९८० मध्ये वारल्यावर लेड झेपलिन संपलं होतं. त्यामुळे या दोघांनी पुन्हा एकत्र गाणं ही चाहत्यांसाठी फार मोठी बातमी होती.

ऑक्टोबर १९९४ मध्ये दाखवलेल्या त्या कार्यक्रमाचं चित्रीकरण लंडन, वेल्स आणि मोरोक्कोत झालं. जुनीच गाणी, पण भोवती इजिप्शियन वादकांचा ताफा, पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा, आणि एका गाण्यात भारतीय वंशाच्या ब्रिटिश गायिका नजमा अख्तर यांचा आवाज. त्यात 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही दोन गाणी होती. मला ती इतकी आवडली की मूळ गाणी शोधली. तिथे एका चाहत्याची नोंद सापडली: या दोन गाण्यांना पूर्वेकडच्या वाद्यांची जोड देण्याचा प्रयोग १९९४ चा नाही, तो बावीस वर्षांपूर्वी मुंबईत झालाय.

मी नोंद दोनदा वाचली. मुंबईत?

१९७२ चा ऑक्टोबर

त्या महिन्याच्या सुरुवातीला लेड झेपलिनचा जपानचा दौरा झाला. दौरा संपल्यावर पेज आणि प्लांट मुंबईत आले. बँडमधले दुसरे दोघे या रेकॉर्डिंगमध्ये नव्हते. मुंबईतल्या स्टुडिओत इथल्या वादकांना घेऊन त्यांनी दोन गाणी पुन्हा वाजवली. 'फ्रेंड्स' हे १९७० च्या तिसऱ्या अल्बममधलं मुळातच अकूस्टिक गाणं. 'फोर स्टिक्स' १९७१ च्या चौथ्या अल्बममधलं. बोनमने ते दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून वाजवलं, म्हणून त्याचं हे नाव.

'फोर स्टिक्स' वाजवायला अवघड आहे, कारण त्यात पाच आणि सहाची लय एकमेकांत गुंतलेली आहे. रॉकच्या ड्रमरला बहुतेक वेळा चार मोजायची सवय असते. पाच हा आकडा त्याच्यासाठी आडवाटेचा. आपल्याकडे झपताल दहा मात्रांचा, दोन-तीन-दोन-तीन असा चालणारा. तबला शिकणारं पोर पहिल्या एक-दोन वर्षांत तो शिकतं. तरी त्या रेकॉर्डिंगमध्ये अडखळणं ऐकू येतं, आणि मला त्याचं नवल वाटत नाही. एक बाजू सम कुठे आहे ते बघत असते, दुसरी बाजू बार मोजत असते. मोजणी दोघांचीही बरोबर असते, फक्त सुरुवात वेगवेगळ्या ठिकाणाहून होते. ऑफिसमध्ये दोन टीमच्या सिस्टीम जोडताना आमचं रोज हेच होतं.

याच मुंबईभेटींतली आणखी एक गोष्ट चाहत्यांमध्ये दंतकथेसारखी सांगितली जाते, पण ती खरी आहे. कुलाब्यात 'स्लिप डिस्क' नावाचा एक डिस्कोथेक होता. जगातल्या सगळ्यांत मोठ्या बँडमधले हे दोघे एका रात्री तिथे गेले आणि स्थानिक पोरांना साथीला घेऊन वाजवू लागले. तिकीट नाही, जाहिरात नाही.

ती पोरं आकाशातून पडली नव्हती. तेव्हाच्या मुंबईत रॉकचं बरंच काही चाललं होतं. सिगारेट कंपनीच्या पैशावर 'सिमला बीट' नावाची देशभरातल्या बँडची स्पर्धा भरायची. १९७० आणि १९७१ च्या स्पर्धांच्या एलपी निघाल्या आणि आज संग्राहक त्या शोधत फिरतात. मराठी घरातला एक मुलगाही या सगळ्यात होता: अभिनेते आत्माराम भेंडे यांचा मुलगा नंदू भेंडे. तो 'सॅव्हेज एन्काउंटर' आणि 'वेल्व्हेट फॉग' या बँडमध्ये गायला. १९७४ मध्ये अलेक पदमसींच्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'मध्ये जुडास झाला. आणि १९७८ मध्ये पु. ल. देशपांड्यांच्या 'तीन पैशाचा तमाशा'त त्याने तोच रॉकचा गळा मराठी रंगभूमीवर आणला. रॉक म्हणजे आपला काही संबंध नाही असं मानत मोठा झालेल्या माझ्यासारख्याला हे पंचविशीनंतर कळलं, याची जरा लाजच वाटली.

टेप कशी जगली

पेज ते रेकॉर्डिंग घेऊन परत गेला. कंपनीने ते काढलं नाही. १९७२, ७३, ८०... काहीच नाही. मग मी लोकलमध्ये ऐकलं ते काय होतं?

ते चाहत्यांनी जपलेलं होतं. टेप कुठून तरी बाहेर पडली आणि तिच्या प्रती निघू लागल्या. अशा अनधिकृत रेकॉर्डिंगला बूटलेग म्हणतात. इंटरनेटच्या आधी हा सगळा व्यवहार पोस्टाने चालायचा. तुझ्याकडे अमुक शहरातली मैफल आहे, माझ्याकडे तमुक. कोऱ्या कॅसेट आणि परतीचं पोस्टेज पाठव. काही लोकांनी त्यावर पैसे कमावले, छापील कव्हरं लावून रेकॉर्डी आणि सीडी विकल्या. पण ज्यांना खरंच वेड होतं त्यांचा नियम वेगळा होता: विकायचं नाही, अदलाबदल करायची.

कॅसेटवरून कॅसेट केली की दर वेळी थोडी खरखर वाढते. दोन यंत्रांचा वेग तंतोतंत सारखा नसतो, म्हणून सूरही जरा वर किंवा खाली सरकतो. प्रतीची प्रत, तिची प्रत, अशा पिढ्या मोजल्या जातात. पाचव्या-सहाव्या पिढीला गायक घोंगडीखालून गातोय असं वाटतं. म्हणून चाहते सतत वरच्या पिढीची प्रत शोधत राहतात.

डिजिटल आल्यावर त्यांनी शिस्त आणखी कडक केली. एमपीथ्री करायचं नाही, कारण फाईल लहान करण्यासाठी एमपीथ्री आवाजातला काही भाग कायमचा टाकून देते. फ्लॅक करायचं, त्यात फाईल लहान होते आणि काहीही जात नाही. प्रत्येक फाईलचा एक चेकसम ठेवायचा. चेकसम म्हणजे फाईलमधल्या सगळ्या बिट्सवरून काढलेली एक खूण. एक बिट जरी बदलला तरी खूण जुळत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, सोबत एक साधी टेक्स्ट फाईल ठेवायची. तिला ते 'लिनिएज' म्हणतात. वंशावळ. मूळ टेप कोणती, कितवी पिढी, कोणत्या यंत्रावर वाजवली, संगणकात कशी घेतली, वेग दुरुस्त केला का, कुठे तुकडा जोडला. खाली बहुतेक वेळा एक विनंती: हे विकू नका, आणि ही नोंद काढून टाकू नका.

आम्ही ऑफिसात कोड लिहिताना कोणती ओळ कोणी, कधी, का बदलली याची नोंद ठेवतो, त्याचा आम्हाला पगार मिळतो. हे लोक तेच काम फुकट करत होते, आणि आमच्यापेक्षा नीट करत होते.

शेवटी जुलै २०१५ मध्ये लेड झेपलिनचा 'कोडा' हा अल्बम नव्याने निघाला, तेव्हा त्यात मुंबईतली ही दोन गाणी अधिकृतपणे आली. त्रेचाळीस वर्षांनी. आवाज स्वच्छ, अगदी समोर बसून ऐकल्यासारखा. पण त्यात ती दोनच गाणी आहेत, पूर्ण झालेली. अडखळणं, थांबणं, पुन्हा सुरुवात करणं हे सगळं अजूनही खरखरीत बूटलेगमध्येच ऐकावं लागतं. माणसं एकमेकांना कशी समजून घेत होती हे मला तिथे कळलं.

कंसातला ऑर्केस्ट्रा

२०१५ च्या त्या अल्बमवर गाण्याच्या नावापुढे कंसात लिहिलंय: 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'. चाहत्यांच्या जुन्या फायलींवर 'बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा' असंही असतं. नोंदींमध्ये एक-दोन मोठ्या वादकांची नावं फिरतात. बाकीच्या ताफ्याला एकच नाव: ऑर्केस्ट्रा.

इथे मला चाहत्यांच्या शिस्तीतली एक मोठी फट दिसली. वंशावळीत टेपडेकचं मॉडेल आहे. केबल कोणती वापरली तेही आहे. तबला कोणाचा, ते नाही.

अर्थात ही फट त्यांनी पाडलेली नाही. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये तेव्हा हीच रीत होती. हिंदी सिनेमाच्या गाण्यांमागे व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणारे शेकडो वादक होते, त्यांतले कितीतरी गोव्याचे. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्यांनी त्या गाण्यांची वाद्यरचना केली. पडद्यावर नाव संगीतकाराचं यायचं. वादकाला दिवसाचे पैसे मिळायचे आणि तो घरी जायचा. या वादकांची माहिती पद्धतशीर गोळा करून ग्रेगरी बूथ यांनी 'बिहाइंड द कर्टन' हे पुस्तक लिहिलं ते २००८ मध्ये. नावातच सगळं आलं, पडद्यामागे.

कायद्यातही त्यांना जागा नव्हती. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलावंताचा स्वतःच्या सादरीकरणावर हक्क आहे, हे मान्य झालं १९९४ च्या दुरुस्तीत. १९७२ मध्ये त्या स्टुडिओत बसलेल्या माणसाचा आपल्याच वाजवण्यावर कायद्याने असा हक्क नव्हता. मग त्याचं नाव लिहून ठेवायची गरज कुणाला वाटणार?

आणि आपल्याकडे हे कधी जमलंच नाही असंही नाही. महानुभावांच्या लीळाचरित्राची गोष्ट बघा. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, चक्रधरस्वामींना पाहिलेल्या माणसांना विचारून त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या. परंपरा सांगते की मूळ प्रत पुढे धाडीत गेली. मग अनुयायांनी आपापल्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला. वेगवेगळे पाठ तयार झाले, आणि ते ज्यांच्या स्मरणातून आले त्यांच्या नावाने ओळखले गेले. हिराइसेचा पाठ त्यातला एक. एका बाईने ग्रंथ लक्षात ठेवला आणि तिचं नाव त्या पाठाला चिकटून सातशे वर्षं टिकलं. मूळ प्रत हरवली, वंशावळ उरली.

मुरबाडची कॅसेट

हे सगळं वाचत असताना मला आमच्या घरातली कॅसेट आठवली.

माझं आजोळ मुरबाड तालुक्यातलं. शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत जावं लागतं. मामाचं लग्न मे १९९४ मध्ये झालं. हळदीच्या रात्री बायकांनी म्हटलेली गाणी कुणीतरी टू-इन-वन मध्ये ठेवून एका साठ मिनिटांच्या कॅसेटवर घेतली. त्याच उन्हाळ्यानंतर तिकडे पेज आणि प्लांट मोरोक्कोत वाजवत होते, हे अर्थात इथे कुणाला माहीत नव्हतं. आमच्याकडे माइक बहुधा तांदळाच्या कणगीजवळ होता, कारण भांड्यांचा आवाज गाण्याइतकाच आलाय. कॅसेटच्या कागदावर निळ्या शाईत मामाचं नाव आणि तारीख. गाणाऱ्या बायकांचं नाव नाही.

ऑफिसातल्या एका मित्राच्या वडिलांकडून जुना डेक आणला, हेड स्पिरिटने पुसलं, पेन्सिलीने रीळ घट्ट केलं आणि लॅपटॉपला जोडून कॅसेट लावली. साईड ए नीट निघाली. अर्धा तास. एकजण ओळ उचलते, बाकीच्या झेलतात. मध्ये कुणीतरी खोकतं, कुणीतरी हसतं, एक लहान पोर रडतं.

मग साईड बी लावली. चारेक मिनिटं हळद, आणि मधेच खट्ट असा आवाज होऊन रेडिओवरचं सिनेमाचं गाणं सुरू झालं.

ते मी केलं होतं. २००६ मध्ये, नऊ वर्षांचा असताना. कॅसेटवर पुन्हा काही टेप होऊ नये म्हणून मामाने वरची प्लास्टिकची पट्टी तोडून ठेवलेली. त्या भोकात कागदाचा बोळा कोंबला की टेप होतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, मीच शोधून काढलं होतं आणि त्याचा मला अभिमान वाटला होता.

मे महिन्यात लॅपटॉप घेऊन मावशीकडे गेलो. साईड ए लावली. ती कानावर पदर घेऊन ऐकत बसली. "ही खोकते ना, ही आमची आई," ती म्हणाली. मला आजीचा आवाज ओळखू आला नव्हता. मी बारा वर्षांचा असताना ती गेली. "हितं ती नुसती झेलते. तिची गाणी मागून होती. रात्र चढली की ती उचलायची. तवा दुसरी बाजू लावली होती टेपची."

दुसरी बाजू. मी काही बोललो नाही. संध्याकाळी चहा पिताना सांगितलं. मावशी जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "तू लहान होतास. पन आता लिव्हून ठेव, कोन कोन हाय ते."

मग आम्ही पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. ती आवाज ओळखत गेली, मी वेळ लिहीत गेलो. दोन ठिकाणी तिचंही चुकलं, शेजारच्या काकूंना बोलावलं, त्यांनी दुरुस्त केलं, मग दोघींचा वाद झाला. सात आवाज आहेत. पाच ओळखले. त्यातल्या तिघी आता नाहीत. दोन आवाजांसमोर प्रश्नचिन्ह आहे. ती नावं मी इथे देत नाही, कारण ज्या हयात आहेत त्यांना आणि बाकीच्यांच्या घरी मी अजून विचारलेलं नाही. जिमी पेजच्या बूटलेगबद्दल एवढं लिहिल्यावर निदान हे तरी विचारायला हवं.

या कॅसेटची प्रत कुणी केली होती का, तेही शोधतोय. तीन घरी विचारलं. दोन घरी कॅसेटी केव्हाच भंगारात गेल्या. तिसऱ्या घरी माळ्यावर एक पिशवी आहे म्हणतात, पण माळ्यावर सध्या लाकडं रचलीत. पावसाळा संपला की बघू. मुंबईची ती टेप त्रेचाळीस वर्षं जगली ती कुणीतरी, कुठेतरी, परवानगी न घेता प्रत काढली म्हणून. आमच्या कॅसेटीबाबतही मी तेवढीच आशा धरून आहे.

तुमच्या घरात अशी एखादी कॅसेट, एखादी मिनी डीव्ही, जुन्या मोबाईलमधलं एखादं रेकॉर्डिंग असेल तर ते व्हॉट्सॲपवर ढकलण्याआधी दोन गोष्टी करा. मूळ फाईल न दाबता, न छाटता दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. आणि त्यातले आवाज ओळखणारं माणूस घरात आहे तोवर त्याच्या शेजारी बसा.

माझ्या फोल्डरमध्ये आता दोन फ्लॅक आणि एक टेक्स्ट फाईल आहे. चाहत्यांच्या नमुन्याप्रमाणेच लिहिलीय: मूळ कॅसेट, पहिली पिढी, डेक, केबल, तारीख. त्याखाली मिनिटं-सेकंदं आणि बायकांची नावं. सगळ्यांत शेवटी एक ओळ आहे. ती काढून टाकावी असं दोनदा वाटलं, पण वंशावळीत खोटं लिहायचं नसतं.

साईड बी: चार मिनिटांनंतर मूळ रेकॉर्डिंग नाही. २००६ मध्ये पुसलं गेलं. पुसणारा मी.